दीड लाखात पहिलं जुनं पॅराग्लायडर : तीन ठिकाणी बोलणं झालंय, कुठलं धरू?

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. पी-१, पी-२ (पॅराग्लायडिंगचे सुरुवातीचे दोन अभ्यासक्रम) झालंय. आता पॅराग्लायडिंग शाळेची विंग (कापडी पंख) सोडून स्वतःची घ्यायचीय. उडणं पाचगणी-भिलार बाजूला, शनिवार-रविवार, ऑक्टोबर ते मे. वजन ६२ किलो. बजेट विंग, हार्नेस (बसायचं आसन आणि पट्टे), रिझर्व्ह (संकटकाळचा पॅराशूट), हेल्मेट सगळं धरून दीड लाख. नव्याचा विषयच नाही.

तीन ठिकाणी बोलणं झालंय :

१) ईएन-बी (ईएन म्हणजे युरोपीय मानक, बी हा त्यातला वर्ग), २०१६ ची, वजनाची मर्यादा ८५–१०५ किलो, विकणारा म्हणतो १८० तास. नुसती विंग, ६० हजार.
२) ईएन-ए, २०१९ ची, ७०–९० किलो, "फक्त ६० तास". एका शाळेची आहे. सोबत एअरबॅगचा हार्नेस आणि २०१२ चा रिझर्व्ह. सगळं मिळून १ लाख १० हजार.
३) ईएन-सी, २०१८ ची, ७५–९५ किलो, "जेमतेम ३० तास, बाकी कपाटातच". नुसती विंग, ७० हजार.

फोटोत तिन्ही चकाचक दिसतात. तिसरी सगळ्यात कमी वापरलेली, म्हणून मन तिकडं ओढतंय. नक्की काय तपासायचं आणि घासाघीस कशावर करायची?

वाईचा_वारा

ताई, तिसरी आधी यादीतून काढा. ए, बी, सी हे विंगचे दर्जे नाहीत. हवेत विंग मिटली (दुमडून गेली) आणि पायलटनं काहीच केलं नाही, तर ती आपली आपण किती लवकर आणि किती कमी वळून सावरते, त्याच्या या पायऱ्या. सी वर्गाची विंग योग्य वेळी योग्य तेवढा ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणारी दोरी) मागते. पी-२ नंतर लगेच ती कुणीच घेऊ नये, फुकट मिळाली तरी.

आता वजन. विंगच्या लेबलवरचा आकडा पायलटचा नसतो, हवेत जाणाऱ्या सगळ्या सामानासकट असतो. तुमचं असं बसेल : शरीर ६२, कपडे-बूट-हेल्मेट साडेतीन, विंग ५, हार्नेस ५, रिझर्व्ह पावणेदोन, वॉकीटॉकी-व्हेरिओ (चढ-उताराचा वेग दाखवणारं यंत्र)-फोन-पाणी दोन, रिकामी सॅक एक. म्हणजे ८० किलो. घरच्या वजनकाट्यावर सगळं सामान पाठीवर घेऊन एकदा उभ्या राहा, अंदाजावर सोडू नका.

८० म्हणजे पहिली विंग गेली. तिथं तुम्ही खालच्या मर्यादेच्याही ५ किलो खाली आहात. विंगचा वेग भाराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्या विंगवर ९५ किलोचा माणूस ३७ किमीच्या वेगानं जात असेल तर तुम्ही ३४ नं जाल. तीन किमीत काय एवढं, असं वाटेल. पण मार्च ते मे दुपारनंतर पश्चिमेचा वारा चढतो आणि कड्याच्या माथ्यावर तो दाबला जाऊन आणखी जोर धरतो. तिथं हे तीन किमी म्हणजे पुढं सरकणं आणि जागच्या जागी लटकणं यातला फरक. वर हलक्या भारानं विंगच्या आतला दाबही कमी राहतो, त्यामुळं ती लवकर मिटते.

दुसरी ७०–९० ची. ८० किलो म्हणजे बरोब्बर मध्ये. बोलणी करायची तर हिच्यावरच करा. मात्र "६० तास" या आकड्यावर विसंबू नका आणि तो २०१२ चा रिझर्व्ह जमेत धरू नका. तासांचं इथं कुणीतरी सांगेलच, रिझर्व्हचं मी खाली लिहितो.

भिलारचा_बुवा

३० तास उडालेली आणि सहा-सात पावसाळे कपाटात काढलेली विंग म्हणजे हळदीच्या पेवात ठेवलेली पैठणी. घडी मोडेपर्यंतच छान.

शिवणदोरा (मिरज)

बुवा, चेष्टा बाजूला, मुद्दा खराच आहे. विंगचं कापड म्हणजे नायलॉन, वर पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनचा लेप. हवा अडवायचं काम लेप करतो, ताण सोसायचं काम वीण करते. लेपाला ऊन मारतं, तशीच ओलही मारते. ओली घडी घालून ठेवली तर लेप चिकट होतो, मग सुटतो. गाडीच्या डिकीत उन्हाळाभर पडलेली विंग त्याच वाटेनं जाते, फक्त जरा जलद.

ताई, दुसरी विंग प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा या क्रमानं चला.

पहिलं म्हणजे लेबल. ते विंगच्या आत असतं, बहुधा मधल्या सेलच्या (विंगमधल्या हवेच्या कप्प्याच्या) फासळीवर किंवा टोकाला. मॉडेल, साइज, वजनाची मर्यादा, वर्ग, उत्पादनाची तारीख आणि सिरियल नंबर, सगळ्याचा फोटो घ्या. त्या मॉडेलवर सुरक्षेची सूचना निघाली आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर सापडतं. मॅन्युअल आणि लाइनच्या (विंगखालच्या बारीक दोऱ्यांच्या) लांबीचा तक्ताही तिथंच उतरवून घ्या. विंगवर आधी तपासणी झालेली असेल तर तिचा शिक्का आणि तारीख याच लेबलजवळ असते. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी किंवा शंभर-दीडशे तासांनी तपासणी सांगतात, जे आधी येईल ते. २०१९ च्या विंगवर एकही शिक्का नसेल तर तपासणीचा सगळा खर्च तुमच्या माथी येणार, आणि तेवढे पैसे किमतीतून उतरले पाहिजेत.

दुसरं कापड. वरच्या बाजूला, समोरच्या कडेच्या मागं, मधल्या सेलवर आधी बघा. ऊन आणि घासणी सगळ्यात जास्त तिथंच लागते. सेलच्या आत दुमडलेल्या भागाचा रंग आणि बाहेरचा रंग शेजारी ठेवा. आत गर्द आणि बाहेर विटका असेल तर उन्हाचे तास सांगितल्यापेक्षा बरेच जास्त आहेत, मग माणूस काहीही सांगो. चिमटीत चुरगाळल्यावर नव्या पतंगाच्या कागदासारखा करकरीत आवाज यावा. कापड ओढणीसारखं मऊ पडलं असेल तर लेप गेला. तोंडाला लावून फुंकर मारली आणि हवा आरपार गेली, तर पुढं बघूच नका. मात्र हवा गेली नाही म्हणून विंग चांगली ठरत नाही. त्यासाठी यंत्र लागतं.

यंत्र ठरावीक दाबानं पाव लिटर हवा कापडातून ओढायला किती सेकंद लागतात ते मोजतं. नवं कापड काही शे सेकंद घेतं. १० सेकंदांच्या आत हवा गेली तर विंग बाद. काही कंपन्यांची मर्यादा याहून कडक असते, ती मॅन्युअलमध्ये बघा. एकच आकडा सांगितला तर घेऊ नका. वरच्या कापडावर तीन-चार जागी, दोन्ही बाजूंना, समोरच्या कडेजवळ मोजलेले आकडे मागा. टोकाजवळ मोजलं तर म्हातारी विंगसुद्धा तरुण निघते.

फाटण्याची ताकद वेगळी बघतात. कापडात सुई खुपसून स्प्रिंगच्या मापानं ६०० ग्रॅमपर्यंत ओढायची. भोक पुढं फाटत गेलं तर कापड गेलं. ही चाचणी तपासणीवाल्यालाच करू द्या, विकणाऱ्याच्या विंगमध्ये आपण सुया खुपसायच्या नाहीत!

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, लाइन. लोक कापडाला हात लावतात आणि लाइनकडं बघतही नाहीत. लाइनच्या पुढून मागं ए, बी, सी अशा रांगा असतात (वर्गाच्या ए-बी-सीशी संबंध नाही). विंगचा बहुतेक भार पुढच्या ए आणि बी लाइन उचलतात, त्या वापरानं किंचित लांबतात. मागच्या सी लाइनवर भार कमी, त्या भिजून-वाळून आकसतात. लाइन डायनिमाच्या (एक प्रकारच्या पॉलिथिन धाग्याच्या) असतील तर आकसणं जास्त. अरामिड, म्हणजे टेक्नोरा-केव्हलारच्या पिवळसर लाइन, आकसत नाहीत, पण एकाच जागी वारंवार दुमडून आणि उन्हानं आतून कमजोर होतात. पुढून लांब, मागून आखूड, म्हणजे विंगचं नाक कायम वर. ती हळू चालते, टेक-ऑफला डोक्यावर यायला कुचमते आणि शेवटी पॅराशूटल स्टॉलकडं झुकते. पूर्ण फुगलेली दिसते, कानाशी वारा मात्र नाही, आणि तुम्ही सरळ खाली. कापडातून हवा जात असेल किंवा विंग भिजली असेल तर हे आणखी लवकर होतं.

हा फरक सेंटिमीटरांचा असतो, डोळ्यांना दिसत नाही. सतारीच्या तारेसारखं आहे, कान किंवा माप, तिसरा उपाय नाही. दोघांनी मिळून एवढं घरी जमतं : डावा-उजवा रायझर (लाइन हार्नेसला जोडणारे पट्टे) शेजारी-शेजारी एकाच खिळ्याला अडकवा, दोन्हीकडची तीच लाइन, उदाहरणार्थ ए-१, टोकापर्यंत हातात घ्या आणि स्प्रिंगच्या वजनकाट्यानं दोन्हींना ५ किलोचा ताण द्या. टोकं एकाच रेषेत यावीत. एक सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला तर कारण विचारा. डाव्या-उजव्याचं एवढं कळेल. ए आणि सी मधला फरक कळायला लेझरनं मोजून तक्त्याशीच ताडावं लागतं. तेवढ्यासाठी विंग तपासणीवाल्याकडं पाठवा. बऱ्याच विंगमध्ये मागच्या लाइनला रायझरच्या छोट्या कडीवर कारखान्यातूनच एक जादा वेढा दिलेला असतो. लाइन आकसली की तो वेढा सोडून लांबी परत मिळवतात. वेढे आधीच सोडून झाले असतील आणि तरी ट्रिम (लाइनच्या लांबीचा मेळ) बसत नसेल, तर पूर्ण लाइन-सेट बदलायचा खर्च आला.

बोटांनी प्रत्येक लाइन खालून वर चाचपा. आवरण फाटलेलं, आत गाठ लागलेली, एखादीच लाइन वेगळ्या रंगाची, हे सगळं नोंदवा. वेगळा रंग म्हणजे तुटून बदललेली. बदलली याला हरकत नाही. कशानं बदलली, कुणी बदलली आणि जाडी तीच आहे का, एवढं कळलं पाहिजे.

जांभ्याचं_पठार

शाळेच्या विंगबद्दल थोडं. तिला तास लावणंच चुकीचं आहे. टेकडीवरून दोन मिनिटांची उडी, तशा दिवसात आठ. झाला पाव तास. पण त्या पाव तासासाठी विंग दिवसभर उन्हात पसरलेली, पन्नास वेळा उचललेली, दहा वेळा तोंडावर आपटलेली. म्हणजे "६० तास" मागं जमिनीवरचे काही शे तास असू शकतात, आणि लेपाला विंग हवेत आहे की जमिनीवर हे कळत नाही. ऊन दोन्हीकडं तेच.

तिथं या जागा बघा. मागची कड जांभ्यावर घासून झिरझिरीत झालेली असते. समोरच्या कडेतल्या प्लास्टिकच्या सळ्या वाकलेल्या असतात, त्या हातानं सरळ केल्या तरी घडीचा बाक राहतो. विंग नाकावर आपटली की आतली हवा फासळ्या फाडून बाहेर पडते आणि बाहेरून काही दिसत नाही. सेलच्या तोंडातून मोबाइलचा टॉर्च आत घाला आणि लाइन जिथं शिवल्या आहेत तिथल्या फासळ्या एकेक करून बघा. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं कापडात घुसतात. ती उपटून काढली तर भोक मोठं होतं, टोकाकडून पुढं ओढून काढावी लागतात. करवंदीच्या जाळीत गेलेल्या विंगला टाचणीएवढी भोकं रांगेनं दिसतील. विंग उजेडासमोर धरून बघा.

तरीही मी शिवणदोऱ्याइतका धास्तावणार नाही. शाळेची विंग बहुतेकदा चौरस मीटरला ३८ ग्रॅमसारख्या जाड कापडाची, ए वर्गाची आणि कुणीतरी नियमित हाताळलेली असते. हौशी माणसाच्या हलक्या २७ ग्रॅमच्या विंगपेक्षा मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवीन, फक्त भाव तसा हवा.

शिवणदोरा (मिरज)

भाव तसा असेल तर माझंही काही म्हणणं नाही. शाळा "नियमित हाताळते" म्हणजे तपासणीचा कागद दाखवते का, एवढंच विचारतो.

कोयनाकाठ (कराड)

खूप खूप आभार. पहिली आणि तिसरी सोडली. दुसऱ्या विंगवाल्यांना कागद विचारला. तपासणी दोन वर्षांपूर्वी झालीय, शिक्का आहे. ट्रिमचा तक्ता मिळाला, कापडाचे आकडे समोरच्या कडेजवळ ६०, ७२ आणि ५५ सेकंद लिहिलेत. रिझर्व्हबद्दल ते म्हणतात, "एकदाही उघडलेला नाही, म्हणजे नवाच."

वाईचा_वारा

आकडे बरे आहेत. पण दोन वर्षांत शाळेत ते किती खाली आले असतील सांगता येत नाही, नव्यानं मोजून घ्या.

"एकदाही उघडलेला नाही" ही रिझर्व्हची तारीफ नसून तक्रार आहे. घडी घातलेलं कापड दाबून-दाबून एकमेकांना धरतं, ओल आत मुरते, लाइन बांधलेली रबरं वितळून चिकटतात. म्हणून सहा महिन्यांनी, फार तर वर्षानं तो उघडून, हवा लावून पुन्हा पॅक करतात. आणि बहुतेक कंपन्या आयुष्यच दहा वर्षांचं सांगतात. २०१२ चा रिझर्व्ह तुमच्यासाठी शून्य किमतीचा. फार तर पॅकिंग शिकायला ठेवा.

नवा घ्या. साधारण ४५ ते ६५ हजारांत गोल आकाराचा मिळेल. ईएन-१२४९१ ची खूण आणि कमाल वजन ९५–१०० किलोच्या आसपास. त्या मानकात कमाल भाराला खाली येण्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या आत लागतो, म्हणजे साधारण दीड मीटरच्या ओट्यावरून उडी मारल्यासारखं. ८० किलोला १०० चा रिझर्व्ह घेतला की त्याहून थोडं हळू याल. १३० चा घेऊ नका. मोठा रिझर्व्ह उघडायला वेळ घेतो आणि हलक्या माणसाखाली झुलत राहतो.

हार्नेस. एअरबॅग हवेच्या वेगानं फुगते, त्यामुळं टेक-ऑफच्या पहिल्या पावलांना ती रिकामी असते. ज्याला पाठीखाली फोम असेल तो तिथंही वाचवतो. जुन्या हार्नेसमध्ये एअरबॅगची शिवण आणि हवा शिरायचं तोंड बघा, बसायची फळी तडकलेली नाही ना बघा, पायाच्या पट्ट्यांची कुलपं वीस वेळा लावून-काढून बघा. ओढल्यावर सुटणारं किंवा अर्धवट बसणारं एकही चालणार नाही. कॅराबिनर (रायझर हार्नेसला अडकवायच्या कड्या) ॲल्युमिनियमचे असतील तर विचार न करता नवे घ्या. त्यांचा थकवा दिसत नाही, आणि कंपन्या बहुधा पाचेक वर्षांतच बदलायला सांगतात.

मग घरी झोपाळ्याच्या कड्यांना हार्नेस टांगा आणि त्यात बसा. छातीच्या पट्ट्याची रुंदी मॅन्युअलप्रमाणे लावा. स्पीडबारची (पायानं ढकलून वेग वाढवायच्या दांडीची) दोरी अशी हवी की पाय न लावता रायझरवर ताण येणार नाही. आखूड असेल तर तुम्ही सगळं उड्डाण नकळत स्पीडबारवर कराल. शेवटी रिझर्व्ह याच हार्नेसमध्ये बसवून, त्याच टांगलेल्या अवस्थेत, हँडल ओढून खरोखर बाहेर काढा. सात किलोच्या आत ताकद लागली पाहिजे. हँडलपासून आतल्या पिशवीपर्यंतची पट्टी आखूड असेल तर पिन सुटण्याआधीच पिशवीवर ताण येतो आणि कप्पा उघडतच नाही. दोन कंपन्यांचा हार्नेस आणि रिझर्व्ह जोडताना हीच चूक सगळ्यात जास्त होते. पॅकिंग पहिल्या वेळी जाणत्याकडून करून घ्या, समोर बसून बघा.

शिवणदोरा (मिरज)

आता पैशाचं. रिझर्व्ह वगळून विंग आणि हार्नेस मागा आणि ७५ हजारांपासून सुरू करा. कॅराबिनर, तपासणी आणि येण्या-जाण्याचं कुरिअर हे तिन्ही मुद्दे तोंडावर ठेवा. ८०–८५ पर्यंत बसलं, वर नवा रिझर्व्ह पन्नासेक हजार, ईएन-९६६ चं हेल्मेट आणि तपासणी, की दीड लाखाच्या आत येतं. हातात फार उरणार नाही, व्हेरिओ पुढच्या हंगामात.

सौदा असा ठेवा : पाच हजार टोकन, विंग तपासणीला, त्याचा खर्च तुमचा. कापड मर्यादेच्या खाली निघालं किंवा लाइन-सेट बदलायचा निघाला तर टोकन परत. हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. फोनवरचं बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही. याला नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. हा सौदा फिसकटला तर थांबा. बीरचा (हिमाचलातलं पॅराग्लायडिंगचं ठिकाण) ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हंगाम सरत आला की तिथं बऱ्याच विंग विक्रीला निघतात, तपासणी-दुरुस्तीचीही सोय तिथं आहे.

जांभ्याचं_पठार

तपासणीला पाठवायच्या आधी एकदा मोकळ्या मैदानात उचलून बघा, उडायचं नाही. सकाळी १०–१२ किमीचा सलग वारा, खाली हिरवं गवत. जांभा आणि कुसळ दोन्ही टाळा. ए रायझरला हलका हात लावून विंग डोक्यावर यावी. दोन-तृतीयांशावर अडकून मागं लटकत असेल तर लाइन किंवा कापड. दर वेळी एकाच बाजूला झुकत असेल तर आधी वारा बदलून बघा, तरी तेच झालं तर डाव्या-उजव्या लांबीत फरक. ब्रेक पूर्ण सोडले असताना मागची कड सरळ हवी आणि ब्रेक आठ-दहा सेंटिमीटर मोकळा ओढला जावा. लगेच कड ओढली जात असेल तर ब्रेकच्या लाइन आकसल्या आहेत. ते घरच्या घरी गाठ सरकवून होतं, त्यासाठी सौदा मोडू नका.

कोयनाकाठ (कराड)

फोन झाला. ८८ हजारांवर आलेत, टोकनची अट मान्य. शनिवारी सकाळी मैदानावर बघणार आहे. एकच राहिलं, जूनमध्ये विंग ठेवायची कशी? आमच्याकडं पावसाळाभर भिंतीला ओल असते.

भिलारचा_बुवा

शेवटच्या उड्डाणानंतर सावलीत पंख्याखाली दोन दिवस पसरून वाळवा, सेलमधले दगड-गवत झटका, मग सैल घडी. गोणीत कोंबू नका, पट्टा आवळू नका. भिंतीला टेकवायची नाही, लाकडी कपाटात वरच्या कप्प्यात, सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या घालून. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. दर महिन्याला ऊन पडलं की घरातच उघडून वारा द्या. रिझर्व्हचा व्हेल्क्रोही तेव्हाच एकदा उचकटून पुन्हा लावा, महिनोन्‌महिने तसाच राहिला की फार घट्ट धरतो.